ऐकून घेणाऱ्या बाई

बोलणारी माणसं जगात पैशाला पासरी मिळतात. आमच्या रत्नागिरीत तर मारुती मंदिरापाशी पाच मिनिटं उभं राहिलं तर न मागता मिळतात. पण ऐकणारं माणूस सबंध जिल्ह्यात एकच आहे आणि ते म्हणजे आमच्या बाई, हे मी छातीठोकपणे सांगते. डॉक्टर ऐकतात ते दुखतंय कुठे एवढ्यापुरतं, नवरे ऐकतात ते पान वाढलंय एवढ्यापुरतं, आणि देव ऐकतो की नाही यावर मतभेद आहेत. बाई मात्र समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकतात, आणि शेवट झाला असं आपल्याला वाटल्यावरही आणखी थोडा वेळ ऐकतात. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहून झाल्यावर हे सगळं मी त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "माझं नाव काढ. गावं राहू देत." तेव्हा बाई म्हणजे बाई. त्यांना ओळखणारे ओळखतील आणि बाकीच्यांचं काही अडणार नाही.

बाई कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या आणि एम.ए.च्या मुलांना 'गुणात्मक संशोधन' नावाचा एक विषय. म्हणजे माणसं मोजायची नाहीत, त्यांच्याकडे जाऊन बसायचं, त्यांच्या मुलाखती घ्यायच्या आणि ती जगतात कशी ते त्यांच्याच तोंडून समजून घ्यायचं. स्टाफरूममध्ये या विषयाला 'गप्पांचा पेपर' म्हणत. संख्याशास्त्राच्या सरांचं टेबल बाईंच्या टेबलाला चिकटून होतं, आणि ते दर सोमवारी न चुकता विचारायचे, "काय बाई, नमुना केवढा झाला? सात बायका आणि एक म्हैस?" बाई वहीतून मान वर न करता सांगायच्या, "म्हशी दोन आहेत, सर. एक गाभण आहे." सर हसायचे, बाई हसायच्या नाहीत, आणि त्या म्हशींबद्दल खरोखरच त्यांच्या वहीत दोन पानं लिहिलेली असायची.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन रत्नागिरीत आले आणि सासूबाईंच्या तोंडी लागण्यापेक्षा शिकलेलं बरं म्हणून एम.ए.ला नाव घातलं. आमच्या माहेरी हळू बोलणारा माणूस काहीतरी लपवतोय असं धरतात. त्यामुळे बाईंच्या पहिल्याच तासाला माझी आणि त्यांची गाठ पडली ती अशी की, विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणावं. बाई आल्या, फळ्यापुढची खुर्ची उचलून त्यांनी आमच्यात आणून ठेवली आणि लांज्याहून येणाऱ्या एका मुलीला समोर बसवून विचारलं, "आज सकाळी घरून निघालीस ती कशी निघालीस?" ती म्हणाली, "एसटीनं." आणि थांबली. बाईही थांबल्या. एक मिनिट गेलं. दोन गेली. पंखा कुरकुरत होता, मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मला दरदरून घाम फुटला. शेवटी तिच्या वतीनं आपणच काहीतरी सांगून टाकावं म्हणून मी अर्धी उठलेसुद्धा, तेवढ्यात ती मुलगी खाली मान घालून म्हणाली, "बाबांशी न बोलता निघाले. चार दिवस आम्ही बोलत नाही." आणि मग ती जी बोलायला लागली ती घंटा झाली तरी बोलतच होती. सगळे गेल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं. "तू मघाशी उठत होतीस ती कुठे निघाली होतीस?" असं विचारलं, माझी सबब शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "माणूस थांबलं म्हणजे त्याचं संपलं असं नसतं गो. ते श्वास घेत असतं. घेऊ द्यावा."

बाईंच्या वर्गात 'का' या शब्दाला बंदी होती. का असं विचारलं की माणूस घाबरून एखादं कारण तयार करून देतं, असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा 'कसं' विचारावं. हे तत्त्व मुलाखतीपुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं, पण बाईंनी ते बाजारातही नेलं. एकदा त्यांच्याबरोबर मी भाजी घ्यायला गेले होते. पडवळ भलतंच महाग होतं. तुम्ही-आम्ही विचारू, "एवढं महाग का हो?" बाईंनी विचारलं, "हे पडवळ इथवर कसं आलं?" झालं. भाजीवाली आधी चपापली, मग सांगू लागली. पडवळ कोल्हापूरच्या बाजूनं आलं होतं, टेम्पो घाटात बंद पडला होता, टेम्पोवाला तिच्या मावसबहिणीचा दीर होता आणि त्याचं लग्न मोडलं होतं. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली, मी बाईंची पिशवी ओढू लागले, पण लग्न कसं मोडलं ते होईपर्यंत बाई हलल्या नाहीत. पडवळ घ्यायचं राहिलंच. वर मला म्हणाल्या, "उद्या परत यायला हवं. मुलीकडची बाजू कळलेली नाही."

रिकाम्या हाताच्या माणसाला कोणी खरं सांगत नाही, हा त्यांचा दुसरा सिद्धांत. वही-पेन घेऊन समोर बसलं की माणसाला तलाठी आल्यासारखं वाटतं, म्हणून आधी त्याच्या कामाला हात लावायचा. या सिद्धांतापायी आमच्या वर्गातल्या मुलामुलींनी जेवढी कोळंबी सोलली, तेवढी एखाद्या खाणावळीत सोलली जात नसेल. मिरकरवाड्याच्या बंदरावर पाठवलेला आमच्यातला एकजण एका कोळिणीपाशी दुपारभर कोळंबी सोलून संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये बोटीच्या इंजिनाखेरीज काही नव्हतं, पण हातात मात्र कोळंबीची भलीमोठी पिशवी होती. आम्हाला वाटलं, आता याची धडगत नाही. बाईंनी इंजिनाचा आवाज सबंध पाऊण तास ऐकला, मग पिशवीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "एवढी कोळंबी दिली म्हणजे त्या बाईला तू आवडलास. पुढच्या वेळी बोलेल." आणि पुढच्या वेळी ती खरंच बोलली.

पण खरा छळ पुढे असे. झालेली मुलाखत शब्दन् शब्द उतरवून काढायची. बोलणाऱ्याचा खोकला, हुंकार, जांभई, मध्येच आलेला एसटीचा हॉर्न, सगळं. कंसात लिहायचं. माझ्या वह्यांत 'खोकला' आणि 'कोंबडी' हे दोन शब्द इतक्या वेळा आले आहेत की त्या माझ्या नवऱ्याला पशुवैद्यकाच्या वह्या वाटल्या. एकदा मी कंटाळून एक कोंबडी गाळली. बाई रेकॉर्डिंग ऐकत माझा कागद वाचत होत्या. मध्येच थांबल्या. "इथली कोंबडी कुठे गेली?" मी म्हटलं, "बाई, कोंबडीच ती. ती बाई तिला हाकलायला उठली, एवढंच." बाई म्हणाल्या, "कोंबडीचा आवाज लांबून येतोय. परसात आहे ती. सुनेचा विषय निघाल्यावर ही बाई पडवीतून उठून परसातली कोंबडी हाकलायला गेली. कोंबडी लिही." मी निमूटपणे लिहिली. आजही आमच्या घरी कुणी नको तो विषय निघाल्यावर गॅस बघायला उठलं की मी मनात कंस घालते आणि कोंबडी लिहिते.

एसटी हा बाईंचा सगळ्यात लाडका वर्ग. खिडकीची जागा मिळत असली तरी त्या दोन माणसांच्या मध्ये बसणार. दापोलीला एकदा त्यांना कार्यशाळेत शिकवायला बोलावलं होतं. विषय होता 'मुलाखतीचं पूर्वनियोजन'. चाळीस माणसं सभागृहात जमली, स्वागताचा नारळ आणून ठेवला, आणि बाईंचा पत्ता नाही. मी त्यांच्या सामानासकट आदल्या दिवशीच पुढे गेले होते, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुपारी तीनला बाई उगवल्या. खेडच्या अलीकडे शेजारी बसलेल्या आजी आपल्या भावाची गोष्ट सांगत होत्या, ती संपायच्या आत आजींचं गाव आलं, म्हणून बाई त्यांच्याबरोबर उतरल्या, त्यांच्या घरी गेल्या, भावालाही भेटल्या, जेवून मागच्या गाडीनं आल्या. संयोजकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, "पूर्वनियोजन कसं मोडतं तेच आता सांगणार आहे." आणि दोन तास इतकं सुरेख बोलल्या की संयोजकांनी नारळ दोन दिले.

आणि स्वतःबद्दल? अळीमिळी गुपचिळी. रत्नागिरीतल्या परटवण्यात दोन खोल्या आहेत, एक मांजर आहे, पुण्याला एक पुतण्या आहे, याच्यापुढे बाईंबद्दल कोणालाच काही ठाऊक नाही. एकदा मी हट्टानं त्यांचीच मुलाखत घ्यायला बसले. त्यांनीच शिकवलेली सगळी आयुधं वापरली. फणसाचे गरे काढायला बसले, 'का' विचारलं नाही, गप्प राहिले. दीड तासानं उठले तेव्हा लक्षात आलं की माझी सासू, माझा पहिल्या खेपेचा गर्भपात आणि आईला मी न लिहिलेली पत्रं हे सगळं मी त्यांना सांगून मोकळी झाले होते आणि रडून नाक लाल झालं होतं. बाईंनी मला गरे बांधून दिले.

पण बाईंची जी गोष्ट मला सांगायची आहे ती वाचून दाखवण्याची. मुलाखत कागदावर उतरली की ती घेऊन त्या माणसाकडे पुन्हा जायचं, समोर बसून सगळी वाचून दाखवायची आणि विचारायचं, 'असंच म्हणाला होतात ना? ठेवू ना?' त्यानं काढ म्हटलं की काढायचं. हा नियम बाईंनी कधीही मोडला नाही. एका मुलाखतीसाठी पावसाळ्यात तीन-तीन वेळा गुहागरला जायच्या. "शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत देतो का?" असं त्या म्हणायच्या. खोटी नावं घालतानासुद्धा ती आपण ठरवायची नाहीत, ज्याचं त्याला विचारायचं. त्यामुळे आमच्या प्रबंधांतून एकाच गाजलेल्या नटीच्या नावाच्या पाच-सहा शेतकरणी वावरत असत, आणि एका आजोबांनी तर आपल्या मेलेल्या बैलाचं नाव घालायला लावलं होतं.

एम.ए. झाल्यावर मी बाईंच्याच हाताखाली पीएच.डी.ला बसले. विषय होता, ज्यांचे नवरे मुंबईला नोकरीला आणि आपण गावाला, अशा बायकांचं आयुष्य. पावसच्या पुढे एका वाडीत मला एक काकी भेटल्या. मे महिना होता. मागच्या पडवीत त्या रातांबे फोडत होत्या. रातांबे म्हणजे कोकमाची फळं. साल एकीकडे, बिया एकीकडे. मी पण फोडायला बसले. बोटं लालभडक झाली. काकींचे यजमान एकतीस वर्षं मुंबईत एका छापखान्यात होते, आणि निवृत्त होऊन नुकतेच घरी आले होते. एकतीस वर्षं काकींनी शेत केलं, सासऱ्यांचं आजारपण काढलं, दोन मुली उजवल्या, घराचे वासे बदलून घेतले. यजमान गणपतीला आणि शिमग्याला यायचे आणि जायचे. आता ते कायमचे आले होते, आणि दिवसभर करायचं काय म्हणून स्वयंपाकघरातले डबे लावत बसत. डाळी एका फळीवर, पिठं एका फळीवर, सगळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या. मिठाची बरणी जिथे एकतीस वर्षं हाताला लागायची तिथे आता हळद असे. काकी हे हसत हसत सांगत होत्या. मग थांबल्या. बाईंनी शिकवल्याप्रमाणे मीही थांबले. काकींनी आणखी दोन रातांबे फोडले आणि हळूच म्हणाल्या, "येकतीस वर्सा ह्येंची वाट बगितली. ह्ये आले, नि माजा घर गेला."

हे वाक्य मी आज इथे लिहू शकते. ते कसं, ते पुढे येईलच. पण त्या संध्याकाळी एसटीत बसले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. सबंध प्रबंध त्या एका वाक्यात होता. मी प्रकरणाला तेच नाव दिलं. संख्याशास्त्राच्या सरांनीसुद्धा ते वाचून पहिल्यांदा म्हशीची चौकशी केली नाही. प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले होते, आणि बाईंनी विचारलं, "काकींना वाचून दाखवलंस?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी वाडीत.

आता अडचण अशी, की कोकणात घरात पाहुणा आला की घरधनी समोर येऊन बसणारच. यजमान पडवीत टोपी सारखी करून बसले. त्यांच्यासमोर हे वाक्य वाचायचं कसं? मी बाईंकडे बघितलं. बाईंनी यजमानांना विचारलं, "छापखान्यात दिवस कसा जायचा हो तुमचा?" यजमानांनी इकडे तिकडे बघितलं. हा प्रश्न आपल्यालाच आहे याची त्यांना खात्री वाटेना. मग म्हणाले, "चला, तिकडं बसू. हयसर बायकांची कामां चाल्लीत." आणि दोघं फणसाखाली जाऊन बसले ते दोन तास उठले नाहीत.

इकडे मी काकींना सगळं वाचून दाखवलं. माणसाला आपलंच बोलणं असं समोर बसून ऐकायची सवय नसते. काकी आधी लाजल्या, मग हसल्या, मग त्या वाक्याशी आल्यावर तांदूळ निवडणारे त्यांचे हात थांबले. "ता काड," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "काकी, चुकीचं लिहिलंय का मी? तुम्ही असंच म्हणाला होतात." त्या म्हणाल्या, "खरा हाय, म्हनून तर काड." मी गयावया केली. नाव घालणार नाही, गाव घालणार नाही, प्रबंध इथे कोण वाचायला येतंय, असं सगळं सांगितलं. काकी म्हणाल्या, "कोन वाचील ता न्हाय गो बाय. ह्ये तिकडं फनसाखाली बसलेत नि माजा ह्या कागदावर हाय, ह्याच माज्यानं बगवत न्हाय." परतीच्या वाटेवर मी बाईंशी भांडले. सहा आठवड्यांत नवं प्रकरण कुठून आणू, तुमच्या नियमापायी माझा प्रबंध बुडतोय, असं वाट्टेल ते बोलले. साताऱ्याचा आवाज सगळ्या एसटीनं ऐकला. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "काढायचं."

मी काढलं. प्रबंध मंजूर झाला, परीक्षकांनी 'परिश्रमपूर्वक' असा शेरा दिला. परिश्रमपूर्वक म्हणजे काय ते शिक्षण घेतलेल्या माणसाला सांगायला नको. त्याच कॉलेजात मला नोकरी लागली, बाई निवृत्त झाल्या, मी त्यांचा विषय शिकवू लागले. राग केव्हाच ओसरला होता. फणसाखाली यजमान काय बोलले, हे मात्र मी अधूनमधून विचारायची आणि बाई म्हणायच्या, "ते त्यांचं आहे." मुलाखत म्हणून ते बोललेच नव्हते, कागदावर उतरलं नव्हतं, त्यामुळे वाचून दाखवायचा प्रश्न नव्हता. अशी आठ वर्षं गेली.

गेल्या वर्षी शिमग्यानंतर काकींचे यजमान गेले. बाई आणि मी भेटायला गेलो. बाई आता थकल्या आहेत, एसटीची पायरी चढताना माझा खांदा धरतात. काकी पडवीत बसल्या होत्या. स्वयंपाकघरात मी पाणी घ्यायला गेले तर डबे तसेच ओळीनं लावलेले, चिठ्ठ्यांवरचं छापखान्याचं सुरेख वळणाचं अक्षर. मिठाची बरणी यजमानांनी ठेवली होती तिथेच. बाहेर आले तर काकी बाईंना विचारत होत्या, "बाय, तवा ह्ये तुमच्याशी दोन तास बोलले. माज्याशी उभ्या जल्मात दोन तास बोलले न्हाईत. काय बोलले?"

बाई गप्प राहिल्या. काकीही गप्प राहिल्या. मी आजवर बाईंच्या पुष्कळ शांतता बघितल्या आहेत, पण ही वेगळी होती. या वेळी उत्तर बाईंनी द्यायचं होतं. आता 'ते त्यांचं आहे' म्हणतील, असं मला वाटलं आणि खरं सांगायचं तर त्यांनी तसं म्हणू नये म्हणून मी देवाचा धावा करत होते.

"मुंबईत गावकीच्या खोलीत ते राहायचे," बाई सावकाश बोलू लागल्या. "एका खोलीत गावातली पंधरा माणसं. प्रत्येकाला भिंतीवर एक फळी. कपडे, दाढीचं सामान, देवाची तसबीर, जे काय असेल ते त्या फळीवर. ते म्हणाले, एकतीस वर्षं माझी म्हणून एक फळी होती. घरी आलो, तर एवढ्या मोठ्या घरात माझी फळी कुठली तेच कळेना. विचारायचं कसं? हिचं सगळं लागलेलं. म्हणून मग सगळ्याच लावत बसतो."

काकी ऐकत होत्या. डोळ्यांना पदर लावतील असं वाटलं, पण लावला नाही. आतल्या अंधारात, डब्यांच्या दिशेला बघत त्या म्हणाल्या, "येवडाच हुता, तर बोलायचा हुता वो. दिली असती येक फळी."

निघताना काकींनी माझा हात धरला. "तुजा ता रातांब्याच्या वक्ताचा कुटं लिवायचा तर लिव आता. पन नुसता माजा नको लिवूस. ह्येंचा पन लिव." म्हणून हे लिहिलं आहे.

परतीच्या एसटीत बाई खिडकीपाशी बसल्या. शेजारी एक बाई आपल्या मुलीच्या बाळंतपणाबद्दल आपणहून सांगू लागली, तर बाईंचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. भाट्याचा पूल आला तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांनी मला सांगितलं होतं, तिला नव्हे. आज मी त्यांना न विचारता सांगून टाकलं." मी म्हटलं, "बाई, चांगलं केलंत. काकींना किती बरं वाटलं बघितलंत ना?" बाईंनी मान हलवली. "सांगायचंच होतं तर तेव्हा सांगायचं होतं. तू आत वाचत होतीस, ते बाहेर बोलत होते. मध्ये बारा पावलं होती. दोघांचं मला ठाऊक होतं गो, दोघांचं. मी उठून म्हणू शकले असते, चला, आत चला, तिला सांगा हे. आठ वर्षं राहिले असते दोघं नीट."

मी बाईंचा हात हातात घेतला. तो केवढासा झाला आहे, हे मला तोवर कळलं नव्हतं.

"पण मला वाटलं, आपलं काम ऐकायचं," बाई म्हणाल्या. "म्हणून मी आपलं ऐकून घेतलं."